कालव्याकाठची वसाहत : वालचंदनगरची नऊ दशके

स्मरणिकेतला इतिहास संस्थापकांच्या तसबिरीपासून सुरू करायची रीत आहे. आपल्या वसाहतीचा इतिहास मात्र कालव्यापासूनच सुरू करावा लागतो, कारण संस्थापक इथे आले ते पाण्यामागोमाग. इंदापूर तालुक्यातले कळंब, निमसाखर, जांब, लासुर्णे, अंथुर्णे ही गावे पावसाच्या भरवशावर जगणारी होती. बाजरी, मटकी, थोडी ज्वारी आणि बाकी माळ. अशा ठिकाणी हजारोंची वस्ती, कारखाना, शाळा, दवाखाना आणि पुढे अवकाशयानांचे सुटे भाग घडवणारी वर्कशॉप कशी उभी राहिली, हे नव्या पिढीला नीटसे ठाऊक नाही. आज वसाहतीत राहणाऱ्या मुलांना भोवतालचा ऊस आपोआप उगवल्यासारखा वाटतो. त्यांच्यासाठी हा वृत्तांत.

1885 ते 1929 : पाणी आले, गूळ झाला

1876-77 च्या दुष्काळाने दख्खन होरपळली आणि त्यानंतर नीरेचा डावा कालवा हाती घेतला गेला. 1885 च्या सुमारास पुरंदर तालुक्यातल्या वीरच्या बंधाऱ्यापासून निघालेले पाणी बारामतीमार्गे इंदापूरकडे वाहू लागले. पाठीमागे भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण झाले. पुढे तेच धरण अधिक उंच आणि मोठे बांधून 1928 साली पुरे झाले आणि कालव्याला खरी ताकद आली.

पाणी आले तरी ते कुणी, किती आणि कुठे घ्यावे हा प्रश्न उरलाच. वरच्या गावांनी मनमुराद पाणी घ्यायचे, शेते पाणथळ आणि चोपण करायची, हिवतापाने फणफणायचे. आणि खालच्या गावांनी कोरड्या चारीकडे बघत बसायचे, असा प्रकार चालू होता. तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या तरुण इंजिनिअरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. गावोगावच्या जमिनीचे ठरावीक तुकडे पाडायचे, त्यांना काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची आणि त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस, बाकी हलकी पिके, अशी ती व्यवस्था होती. सुरुवातीला शेतकऱ्यांनी कुरकुर केली. नंतर त्याच ब्लॉकसाठी अर्ज येऊ लागले. आपल्या भागात आजही जुनी माणसे पाण्याच्या मंजुरीबद्दल बोलताना 'ब्लॉक' म्हणतात.

ऊस आला तशी गुऱ्हाळे आली, आणि बारामतीची पेठ गुळासाठी नावारूपाला आली. दौंड-बारामती ही छोटी रेल्वे 1914 मध्ये सुरू झाल्यावर गुळाच्या ढेपा मुंबईकडे रवाना होऊ लागल्या. साखर कारखाना मात्र अजून दूर होता. पुंड्या ऊस, चरक, काहिल आणि चुलवाण एवढ्यावरच सारे चालले होते. गुळाचा भाव पडला की शेतकरी कर्जात जायचा आणि जमीन सावकाराकडे. वसाहतीचा पाया घातला गेला त्या वेळी भोवतालच्या शेतकऱ्याची ही अवस्था होती, हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढचा भाग नीट कळत नाही.

1930 चे दशक : मळा आणि कारखाना

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूरला, दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा, पण त्यात त्यांचा जीव रमला नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले आणि कंत्राटदार म्हणून त्यांचा जो प्रवास सुरू झाला तो बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत आणि सिंधू नदीवरच्या पुलापर्यंत गेला. 1919 मध्ये त्यांनी सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज इंग्लंडकडे सोडले तेव्हा हा सोलापूरचा माणूस देशभर माहीत झाला.

त्यांचे शेतीचे वेड त्या मानाने कमी ठाऊक आहे. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावचा ओसाड माळ त्यांनी 1920 च्या दशकात घेतला तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला होता. तिथे हाती आलेला अनुभव आपल्या कळंबच्या माळावर कामी आला. 1908 साली नोंदल्या गेलेल्या मार्सलँड प्राइस या कंपनीच्या नावाने इथे उसाचा मळा आणि साखर कारखाना उभा राहिला. मूळची बांधकाम आणि इंजिनिअरिंगच्या कामाची ही कंपनी ऊस लावू लागली, हेच मुळात नवल होते.

काळही अनुकूल झाला. 1932 मध्ये सरकारने साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण देणारा कायदा केला. त्यापूर्वी देशात तीसेक कारखाने होते; पाच-सहा वर्षांत ते शंभरावर गेले. नीरेच्या खोऱ्यातच साखरवाडी आणि माळीनगर आपल्या आगेमागे उभी राहिली. माळीनगरचा कारखाना तर सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी स्वतः भांडवल गोळा करून काढलेला. पाडेगावला 1932 साली ऊस संशोधन केंद्र सुरू झाले आणि त्याचा लाभ या साऱ्या मळ्यांना झाला. पुंड्या मागे पडला, पीओजे जातीचा ऊस आला आणि पुढे कोइमतूरच्या को 419 या वाणाने सगळे चित्रच पालटून टाकले.

मळा उभा करायचा म्हणजे नेमके काय करायचे होते? माळ फोडायचा, खडक काढायचे, उतार बघून चाऱ्या पाडायच्या, बांध घालायचे. त्या वेळी नांगरटीला वाफेची आणि तेलाची यंत्रे कमी आणि बैल जास्त. पाण्याची पाळी रात्री-अपरात्री यायची. पाटकरी खांद्यावर खोरे आणि हातात कंदील घेऊन बांधावरून फिरायचा, एका वाफ्याचे दारे बंद करून दुसऱ्याचे मोडायचा. उसाच्या आत वारा नाही, पाचटाची धार अंगाला लागते, आणि पायाखाली साप आहे की नाही हे सुटलेल्या पाण्यालाच ठाऊक. हे काम ज्यांनी केले त्यांची नावे कुठल्याही कोनशिलेवर नाहीत. माण, खटाव, सांगोला या कोरड्या भागांतून पोट बांधून आलेली ही माणसे होती. त्यातली पुष्कळशी इथेच राहिली आणि आज आपल्यातल्या अर्ध्याअधिक घरांचे मूळ त्यांच्यात सापडते.

मळ्यांवर चाळी आणि कारखान्याभोवती बंगले व क्वार्टर्स, अशी वसाहतीची रचना ठरत गेली. पाण्याचे नळ, रस्त्यांवर दिवे आणि झाडे. तालुक्याच्या गावालाही हे तेव्हा नव्हते. आसपासचे शेतकरी बाजाराच्या दिवशी फक्त बघायला म्हणून येत.

1940 चे दशक : युद्ध आणि मोठी स्वप्ने

या दशकात शेठजींचे लक्ष बंगळूरच्या विमान कारखान्याकडे, विशाखापट्टणमच्या जहाजबांधणीकडे आणि मुंबईच्या मोटार कारखान्याकडे होते. 1940 चे हिंदुस्थान एअरक्राफ्ट, 1941 च्या जूनमध्ये विशाखापट्टणमला झालेली गोदीची पायाभरणी आणि 1944 ची प्रीमियर ऑटोमोबाइल्स, ही सारी एका माणसाची आणि जेमतेम पाच वर्षांतली कामे. कळंबचा कारभार मुख्यतः धाकटे बंधू आणि इथले अधिकारी सांभाळत. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद या बंधूंचे योगदान वसाहत कृतज्ञतेने स्मरते.

युद्धकाळात परदेशी सुटे भाग मिळेनात. चरकाचा दात तुटला किंवा पंपाचा दांडा वाकला तर हंगाम थांबवून बोटीची वाट बघणे परवडणारे नव्हते. इथे रेल्वेचे स्टेशन दारात नाही, मुंबई लांब, आणि ऊस तोडला की दोन दिवसांत गाळावा लागतो, नाहीतर उतारा घसरतो. मग कारखान्याच्या दुरुस्तीखात्यातच भाग ओतणे, कापणे, जुळवणे वाढले. आपल्या वसाहतीचे पुढचे सारे नशीब या दुरुस्तीखात्यातून निघाले, असे आम्हांला वाटते. साखर कारखाने महाराष्ट्रात पुष्कळ झाले. त्यांतले मोजकेच यंत्रे बनवायला लागले.

1950 चे दशक : शेठजींचे निधन, सहकाराची पहाट

8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे वालचंद शेठ गेले. शेवटची काही वर्षे ते आजारीच होते.

याच दशकात भोवतालची परिस्थिती पालटली. प्रवरानगरला सहकारी कारखाना 1950 मध्ये सुरू झाला आणि शेतकऱ्यांचा कारखाना ही कल्पना वाऱ्यासारखी पसरली. आपल्या शेजारी भवानीनगरला छत्रपती आणि बारामतीजवळ माळेगाव हे सहकारी कारखाने याच दशकात आकाराला आले. खासगी मळ्याशेजारी शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने उभे राहिले आणि उसाच्या दराची तुलना पारापारांवर होऊ लागली. त्यातून काही प्रश्न उभे राहिले. ते यथावकाश मिटले. (स्मरणिकेत अशा गोष्टी एका वाक्यात आटपायच्या असतात, म्हणून आम्हीही आटपतो.)

सहकारी कारखान्यांना यंत्रे लागत होती आणि ती परदेशातून आणायला परकीय चलन नव्हते. दुरुस्तीखात्यात तयार झालेले हात इथे उपयोगी पडले. वालचंदनगरची वर्कशॉप गिरण्या, बॉयलर, पॅन बनवू लागली. साखरेच्या यंत्रसामग्रीत नाव झाले आणि त्यापाठोपाठ सिमेंट कारखान्यांची यंत्रे आली. ज्या सहकारी कारखान्यांमुळे खासगी साखरेचे दिवस मावळणार होते त्यांनाच लागणारी यंत्रे आपल्या वसाहतीत बनली. यातली गंमत तेव्हाच्या माणसांच्या लक्षात आली होती की नाही, कोण जाणे.

1960 चे दशक : मळा गेला

महाराष्ट्र शेतजमीन (कमाल धारणा) कायदा 26 जानेवारी 1962 पासून अमलात आला. साखर कारखान्यांच्या ताब्यातल्या मोठाल्या मळ्यांनाही तो लागू होता. आपल्याकडची आणि राज्यातल्या इतर खासगी कारखान्यांची जमीन सरकारकडे गेली आणि ती कसण्यासाठी 1963 साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. वालचंदनगर आणि रत्नपुरी हे महामंडळाचे मळे झाले. कालपर्यंत कंपनीचा असलेला मजूर आज महामंडळाचा झाला. घर तेच, चारी तीच, ऊस तोच, फक्त पगारपत्रकावरचे नाव बदलले.

इथे खंडकरी शेतकऱ्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. मळ्यांची बरीच जमीन कारखान्यांनी विकत घेतलेली नव्हती, तर आसपासच्या शेतकऱ्यांकडून वर्षानुवर्षांच्या खंडाने घेतलेली होती. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला खंड म्हणजे त्या वेळी आधार वाटला. पण कमाल धारणेच्या कायद्यात कारखान्याची म्हणून जमीन गेली, तीत खंडकऱ्यांचीही गेली, आणि मूळ मालक आपल्याच रानाच्या बांधावर उभा राहिला. कॉम्रेड माधवराव गायकवाड यांनी राज्यभर चालवलेल्या लढ्यात आपल्या भागातल्या अनेक कुटुंबांचा वाटा आहे. त्या कुटुंबांतली मुले आपल्याच शाळेत शिकली. एकाच वर्गात कंपनीच्या कामगाराचा, महामंडळाच्या मजुराचा आणि खंडकऱ्याचा मुलगा बसलेला असायचा आणि मास्तर तिघांनाही त्याच छडीने मारायचे.

1970 आणि 1980 : दुष्काळ, उजनी आणि नवी कामे

1972 चा दुष्काळ इंदापूरला जबर बसला. कालव्याकाठी पाण्याची पाळी लांबली, बिगर-बागायती गावांतून माणसे रोजगार हमीच्या कामावर गेली. त्याच वेळी बारामती भागात पाझर तलावांचे काम जोरात चालू होते. कामाच्या मोबदल्यात गहू आणि तेल मिळायचे. 1971 मध्ये आप्पासाहेब पवारांनी बारामतीला अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट सुरू केला आणि कोरडवाहू शेतीचे नवे प्रयोग दारात आले. तालुक्याच्या उत्तरेला भीमेवर उजनीचे धरण 1980 च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या फुगवट्याने पळसदेवसारखी गावे पाण्याखाली गेली आणि काठच्या नव्या जमिनी उसाखाली आल्या. इंदापूरला तोवर ऊस म्हणजे नीरा कालवा असे समीकरण होते, ते मोडले.

वसाहतीत मात्र ही दोन दशके वर्कशॉपची होती. साखर आणि सिमेंटच्या यंत्रांपुरतेच न थांबता अणुऊर्जा, संरक्षण आणि अवकाश या क्षेत्रांतली कामे येऊ लागली. रॉकेटच्या मोटारीचे कवच बनवायचे म्हणजे जाडजूड पोलादी नळकांडे गोल करायचे, त्याला अचूक जोड द्यायचा आणि एकाही जोडात दोष राहू द्यायचा नाही. बॉयलरचा जोड फुटला तर हंगाम थांबतो. इथे फुटला तर देशाचे काही वर्षांचे काम आकाशात जळते. वेल्डरच्या हातातला फरक तो काय? इथल्या जुन्या कामगारांना विचारले तर ते हसून म्हणतात की, बॉयलर चोख करायची सवय होती म्हणून पुढचे जमले.

याच काळात वसाहतीचे सांस्कृतिक जीवनही बहरले. गणेशोत्सवातली नाटके, कामगारांच्या भजनी मंडळांच्या चढाओढी, व्हॉलीबॉल आणि कबड्डीचे सामने, जैन मंदिरातला पर्युषणाचा उत्सव आणि आषाढीच्या सुमारास तुकोबांची पालखी. पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. बेलवाडीला अश्वांचे पहिले गोल रिंगण होते आणि त्या दिवशी पहिल्या पाळीची हजेरी दरवर्षी कशी पातळ व्हायची, हे टाइम कीपरला पक्के ठाऊक असायचे. कुणी त्याचा बोभाटा केला नाही.

वर्धमान विद्यालयाने या परिसरातल्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. भोवतालच्या वस्त्यांतून सायकलवर, बैलगाडीवर आणि पायी येणारी मुले इथे शिकून पुण्या-मुंबईला, पुढे परदेशात गेली. शिक्षकांनी संध्याकाळी क्वार्टरच्या ओट्यावर विनामोबदला घेतलेल्या शिकवण्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही.

1990 चे दशक : पीएसएलव्ही

15 ऑक्टोबर 1994 रोजी पीएसएलव्हीचे पहिले यशस्वी उड्डाण झाले. आपल्या वर्कशॉपमधून गेलेल्या कवचांसह देशाचे रॉकेट झेपावले, या बातमीने वसाहतीत पेढे वाटले गेले, हे सांगायला नकोच. याच दशकात को 86032 हा 'नीरा' नावाने ओळखला जाणारा ऊस 1996 पासून शिवारात आला आणि खोडव्यातही टिकणारा म्हणून लोकांनी उचलून धरला. महामंडळाच्या मळ्यांवर मात्र उतरती कळा लागली होती; मनुष्यबळ, पाणी आणि पैसा तिन्ही कमी पडत होते.

2000 नंतर

2008 साली कंपनीच्या नोंदणीला शंभर वर्षे झाली आणि त्याच वर्षाच्या 22 ऑक्टोबरला चांद्रयान-1 ने झेप घेतली. त्यानंतरचे मंगळयान आणि 14 जुलै 2023 रोजी एलव्हीएम 3 वरून निघालेले चांद्रयान-3, या तिन्ही मोहिमांत इथल्या कारागिरीचा वाटा आहे. चांद्रयान-3 च्या रॉकेटला बाजूने बांधलेल्या दोन घन इंधनाच्या मोटारींच्या कवचांतही इथले काम आहे. नौदलासाठी गिअरबॉक्सही बनले. इंदापूर तालुका नकाशावर दाखवता न येणारी माणसेही आता वालचंदनगर म्हटले की मान डोलावतात.

जमिनीच्या आघाडीवर 2012 पासून खंडकऱ्यांना जमिनी परत मिळू लागल्या. पन्नास वर्षांनी रानात पाऊल टाकणाऱ्यांपैकी मूळ मालक थोडे आणि त्यांचे नातू जास्त होते. त्यांनी विहिरी पाडल्या, ठिबक घातले. काहींनी ऊस, काहींनी डाळिंब, केळी लावली. महामंडळाच्या कामगारांच्या चाळी आणि घरासाठी जागेचा प्रश्न शासनदरबारी दीर्घकाळ चर्चेत आहे. तो मार्गी लागावा अशी सर्वांची इच्छा आहे.

आज

बारामतीचे शहर रुई, तांदुळवाडी, जळोचीपर्यंत पसरले आणि पालखी महामार्ग रुंद झाला. बारामती-इंदापूर रस्त्यावरचे जंक्शन हे गाव आता मोठी बाजारपेठ आहे. वसाहतीतली जुनी झाडे मात्र तशीच आहेत आणि क्वार्टरच्या मागे कुंपणापलीकडे ऊस सुरू होतो, हेही तसेच आहे. निवृत्तीनंतर कित्येकांनी गावी परत न जाता इथेच किंवा लगतच्या गावांत गुंठा-दोन गुंठ्यांत घर बांधले. शहरात वाढलेली नातवंडे सुट्टीत आली की त्यांना कालव्यावर नेऊन दाखवले जाते. पोहायला मात्र सक्त मनाई आहे.

शाळा, दवाखाना, वाचनालय, देवस्थाने, महिलांचे बचत गट आणि खेळाची मंडळे यांचे काम चालू आहे. ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा संध्याकाळी भरतो, आणि तिथे ब्लॉकचे पाणी, 72 चा दुष्काळ आणि पीएसएलव्ही या तीन विषयांपैकी एक निघतोच. वसाहतीच्या इतिहासाची सामग्री अजून विखुरलेली आहे. मळ्यावरच्या कामाचे जुने पगारपत्रक, खंडाचे करारपत्र, हजेरीचा पितळी बिल्ला, पहिल्या हंगामातले छायाचित्र, शाळेचा जुना अहवाल किंवा गणेशोत्सवातील नाटकाची जाहिरात ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती स्मरणिका समितीकडे पाहण्यासाठी द्यावी. मूळ कागद छायाप्रत काढून परत केला जाईल. यंदा जागेअभावी ज्यांची नावे आली नाहीत, त्या पाटकऱ्यांची, मुकादमांची, फिटर-वेल्डरची आणि मळ्यावर राबलेल्या बायकांची यादी पुढच्या अंकात छापण्याचे समितीने ठरवले आहे.